'बुकस्मार्ट': पहिल्या बाकावरच्यांची एक रात्र

शाळेत मी पहिल्या बाकावरची. कुणाला वही उसनी दिली तरी तोंडावर उपकार केल्याचा भाव असायचा, हे माझी तेव्हाची मैत्रीण आजही ऐकवते. त्यामुळे 'बुकस्मार्ट'मधली मॉली मला लगेच ओळखू आली.

सिनेमा २०१९चा, ऑलिव्हिया वाइल्डचं दिग्दर्शनातलं पदार्पण. लॉस एंजेलिसमधल्या मॉली (बीनी फेल्डस्टीन) आणि एमी (केटलिन डेव्हर) यांनी शाळाभर फक्त अभ्यास केलाय. शेवटच्या दिवशी टॉयलेटमध्ये तिघं मॉलीची टर उडवत असतात. ती तोऱ्यात बाहेर येऊन आपल्याला प्रवेश मिळालेल्या येल या नामांकित विद्यापीठाचं नाव फेकते. तर त्यातली एक येललाच निघालेली! दुसरा स्टॅनफर्ड विद्यापीठात, आणि सातवीत दोनदा नापास झालेला तिसरा थेट गूगलमध्ये. मजा करूनही! बीनीचा चेहरा असा काही पडतो की हसावं की तिला पाणी द्यावं कळत नाही.

मग काय, उरलेल्या एका रात्रीत सगळी भरपाई. पार्टी कुठे आहे तेवढं मात्र माहीत नाही. या भटकंतीत जिजी ही वर्गमैत्रीण (बिली लूर्ड) जिथे तिथे आधीच पोचलेली सापडते, आणि प्रत्येक वेळी भाव खाऊन जाते. टॅक्सी बोलावली तर चालक निघतात मुख्याध्यापक! दोघी नशेत प्लॅस्टिकच्या बाहुल्या होतात तो भाग मात्र ताणलाय. आणि पैशांची चणचण या शाळेत कुणालाच कशी नाही?

पण भांडण बघाच. या दोघींचा परवलीचा शब्द आहे 'मलाला'. एकीने तो उच्चारला की दुसरीने प्रश्न न विचारता साथ द्यायची. एमी पार्टीत तो वापरते आणि मॉली चक्क नाही म्हणते. दोघी भर गर्दीत एकमेकींवर तुटून पडतात, मधेच आवाज बंद होतो, उरतं फक्त संगीत, हलणारे ओठ आणि शूटिंग करणारे सभोवतालचे मोबाइल. नेमके काय शब्द गेले ते ऐकूच येत नाही. ते आपल्याला पाठच असतात.

शेजारी बसून बघणाऱ्या माझ्या त्याच मैत्रिणीने तिथेच सिनेमा थांबवला. म्हणाली, "माझं सायन्ससुद्धा तूच ठरवलं होतंस." उरलेला सिनेमा आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला.

घरच्यांसोबत लावणार असाल तर आधीच सांगते, शिव्या आणि चावट विनोद भरपूर आहेत. अमेरिकेत याला 'आर' प्रमाणपत्र आहे (सतरा वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश), उगाच नाही.