खेळ थांबल्यावर: खालिद जमीलची वाट की क्लिफर्ड मिरांडाची?

गुडघा साथ देईना आणि फुटबॉलचं कोचिंग करायचं ठरलं, की पहिला पेच पडतो: छोट्या क्लबचा मुख्य कोच व्हावं, की मोठ्या क्लबात सहायक? मुंबईच्या क्लबांत घडलेला खालिद आणि गोव्याच्या धेंपो क्लबचा क्लिफर्ड. दोघेही मिडफिल्डर, दोघेही भारताकडून खेळलेले. पुढे मात्र दोघांनी वेगळी वाट धरली.

खालिद 2009 मध्ये, वयाच्या 32व्या वर्षी, मुंबई एफसीचा थेट मुख्य कोच झाला. सात हंगाम त्याने संघ आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमध्ये, टिकवून धरला. त्याने क्लब सोडला आणि पुढच्याच 2016-17 च्या हंगामात मुंबई एफसी तळाला गेली. तेव्हा खालिद मिझोरमच्या ऐझॉल एफसीचा कोच होता. गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून लीगमध्ये परत घेतलेला हा संघ. मुंबई एफसीतला बचावपटू आशुतोष मेहताही त्याच्याकडे खेळत होता. शेवटच्या सामन्यात शिलाँगमध्ये बरोबरी पुरेशी होती, पण नवव्या मिनिटालाच गोल बसला. 67व्या मिनिटाला ऐझॉलने बरोबरी साधली आणि एका गुणाने लीग जिंकली. अशा वेळी किती माणसं पुढे सोडायची, कुणाला बाहेर काढायचं, हे निर्णय स्वतःच्या नावावर घेतल्याशिवाय अंगवळणी पडत नाहीत. या वाटेचा सगळ्यात मोठा फायदा हाच. तोटाही मोठा आहे. टिकून राहण्यासाठी खेळलेल्या फुटबॉलवर 'डिफेन्सिव्ह' हा शिक्का बसतो आणि तो लवकर पुसला जात नाही. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) त्याला खरी संधी मिळाली ती 2021 मध्ये, नॉर्थईस्ट युनायटेड क्लबचा हंगामी, म्हणजे तात्पुरता, कोच म्हणून. संघ सलग दहा सामने हरला नाही आणि प्लेऑफमध्ये गेला. 2025 मध्ये तो भारताचा मुख्य कोच झाला.

क्लिफर्ड आयएसएलच्याच एफसी गोवामध्ये स्पॅनिश मुख्य कोच सर्जिओ लोबेराच्या हाताखाली होता. सहायकाच्या वाट्याला प्रतिस्पर्ध्यांचे व्हिडिओ, सेट-पीस (फ्री-किक, कॉर्नर यांची तयारी), सामना न खेळलेल्यांचं दुसऱ्या दिवशीचं सेशन असं काम येतं. पद्धत शिकायला याहून चांगली शाळा नाही. पण संधी मिळते ती वरचा माणूस गेल्यावरच. 2020 मध्ये लोबेराचं पद गेलं, क्लिफर्डने संघ सांभाळला, लीग शील्ड (साखळीत अव्वल राहणाऱ्याची ढाल) गोव्याकडे आली; मग नवा स्पॅनिश कोच आला. 2023 मध्ये ओडिशाला त्याने हंगामी कोच म्हणून सुपर कप जिंकून दिला; त्यानंतर तिथे कोच म्हणून आला लोबेराच. करंडक जिंकूनही खुर्ची मिळेलच असं नाही.

पूर्ण संघ कधी हाताळलेला नसेल, तर एक-दोन हंगाम सहायक राहा. त्याहून जास्त नको. मग छोटा संघ घ्या, वयोगटाचा असला तरी चालेल. कोचिंग लायसन्सची सी, बी, ए, प्रो अशी चढण दोन्ही वाटांवर सारखीच आहे आणि प्रत्येक पायरीआधी प्रत्यक्ष कोचिंग दाखवावं लागतं, म्हणून सी लायसन्स खेळाडू असतानाच उरका. सहायकाच्या करारावर सही करण्याआधी एक कलम नीट वाचा: मुख्य कोच गेला तर तुमचा करार राहतो की त्याच्याबरोबर संपतो?