पिकअप ठेवावी की पाच टनी घ्यावी?

उज्जैनचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे आणि इंदूरमध्ये मंडप, ध्वनी, रोषणाई किंवा जनरेटर भाड्याने देण्याचा व्यवसाय करणाऱ्या मंडळींमध्ये आतापासूनच एक प्रश्न घोळू लागला आहे. हाती असलेली पिकअप तशीच चालवावी, की ती देऊन वरच्या वर्गातली, म्हणजे मालासकट एकूण वजन साडेचार ते पाच टन असणारी आणि मागे जोडचाके असणारी गाडी घ्यावी? मी हा बदल केला त्याला दोन वर्षे होत आली. माझा कल कुठे आहे हे वाचणाऱ्याला लवकरच कळेल, ते लपवण्याचा प्रयत्न मी करणार नाही. मात्र ज्याचा माल वेगळा, त्याचा निर्णयही वेगळा असू शकतो, हे आधीच मान्य करतो.

तुलना कशाची आहे एवढे स्पष्ट करावे. एका बाजूला बोलेरो पिकअप, योद्धा किंवा इन्ट्रा यांसारख्या गाड्या आणि दुसऱ्या बाजूला १९८६ पासून रस्त्यावर असलेली टाटा ४०७ किंवा आपल्या शेजारच्या पिथमपूरच्या आयशरची प्रो २०४९ अशा गाड्या आहेत. त्यांचे इंजिन, हौद्याची लांबी, टायरचा आकार हे सारे माहितीपत्रकात असते आणि वाचकाने ते पाहिलेले असणार असे मी धरून चालतो. मी कोणत्या कंपनीची गाडी दिली आणि कोणत्या कंपनीची घेतली हे सांगत नाही, कारण माझी तक्रार कोणत्याही एका गाडीच्या घडणीबद्दल नसून, एका वर्गाच्या गाडीकडून दुसऱ्या वर्गाचे काम करून घेण्याबद्दल आहे.

माझा माल जड आणि आटोपशीर आहे. साडेबासष्ट केव्हीए क्षमतेचा जनरेटर ध्वनिरोधक पेटीसह, तेलपाणी भरून, दीड टनाच्या आसपास जातो. त्याच्याबरोबर केबलची भेंडोळी, पॅनल, डिझेलचे कॅन आणि दोन माणसे धरली की दीड टन क्षमतेची पिकअप कागदावरच भरून वाहते. कापूस, फोम, प्लास्टिकच्या खुर्च्या नेणाऱ्याचा हौदा आधी भरतो आणि वजन मागे राहते. आमच्याकडे हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि मागच्या स्प्रिंगचे पाटे मात्र भाराने बसलेले असतात. हा भेद मी आरंभीच्या वर्षांत नीट ओळखला नाही. गाडी ओढते आहे, म्हणजे ती झेपवते आहे, असे मी समजत होतो.

ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला ती इंजिनाची ताकद नव्हती, मायलेज नव्हते आणि दंडाची भीतीही नव्हती. ती होती गाडीच्या दिव्यांची दिशा. जनरेटर चढवला की पिकअपचा मागचा भाग खाली बसे आणि पुढचा भाग वर उचलला जाई. नाक असलेल्या पिकअपमध्ये हौदा बराच मागून सुरू होतो, त्यामुळे एकसंध जड वस्तू ठेवली की तिचा भार जवळजवळ सगळा मागच्या एक्सलवर येतो आणि पुढच्या चाकांच्या वाट्याला फारसा काही येत नाही. दिव्यांचा झोत अशा वेळी रस्ता सोडून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. दिवे वरखाली करण्याची चकती डॅशबोर्डवर असते. ती आम्ही शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवलेली असे आणि तरीही खंडव्याच्या रस्त्यावर सिमरोलपासून पुढे समोरची जवळपास प्रत्येक गाडी डिपर मारत येई. आमचे दिवे डिपवरच, म्हणजे खालच्या झोतावरच असत, पण ते समोरच्याला कसे पटावे? तो चिडून स्वतःचे मोठे दिवे लावी आणि मग आम्हालाही काही दिसेनासे होई.

एका रात्री बडवाह सोडून मोरटक्क्याच्या नर्मदा पुलाकडे जात असताना समोरून येणारा ट्रक आमच्या झोताने दिपून रस्त्याच्या मधोमध आला आणि अगदी शेवटच्या क्षणी बाजूला झाला. कुणाला काही झाले नाही. मी त्या ट्रकचालकाला दोष देऊ लागलो, तेव्हा आमचे चालक, जे माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे आहेत आणि ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, शांतपणे म्हणाले, “दादा, त्याची चूक नाही. आपलेच दिवे झाडांवर पडताहेत.” त्या वाक्यानंतर मी त्या गाडीकडे पूर्वीच्या नजरेने पाहू शकलो नाही.

त्याआधी उपाय केले नव्हते असे नाही. मागच्या पाट्यांमध्ये एक जास्तीचा पाटा टाकून घेतला. चार-सहा महिने गाडी सरळ उभी राहिली, नंतर तोही पाटा बसला. शिवाय रिकामी गाडी इतकी उडू लागली की काकांनी कमरेला पट्टा बांधायला सुरुवात केली. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण आपल्याकडे पुष्कळ जण याच वाटेने जातात: पाटा वाढवल्याने गाडीची उंची बदलते, तिची क्षमता बदलत नाही. एक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर सगळे पूर्वीचेच राहतात आणि नोंदणीपत्रकात लिहिलेले एकूण वजनही तेच राहते. ते ओलांडले, तर १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या तरतुदीप्रमाणे दंड २०,००० रुपये आणि जास्तीच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये आहे, आणि जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही आपल्याच माथी येतो. रात्री दोन वाजता रस्त्याच्या कडेला जनरेटर उतरवायचा म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

पुढचा भाग हलका होण्याचा दुसरा परिणाम स्टिअरिंगवर होतो. खंडव्याकडून माल परत आणताना भेरूघाटाचा चढ लागतो. चढावर वजन आणखी मागे सरकते आणि वळणावर स्टिअरिंग हातात पोकळ लागते. चाक फिरवले आहे, पण गाडी क्षणभर उशिराने ऐकते, असा तो अनुभव असतो. मी मोजमाप घेतलेले नाही आणि एखादा निष्णात चालक म्हणेल की वेग कमी ठेवला तर काही बिघडत नाही. त्याचे म्हणणे खोटे ठरवण्याचा माझा हेतू नाही. पण नव्या गाडीत तोच जनरेटर, तोच घाट आणि तेच काका असताना स्टिअरिंग शेवटपर्यंत भरीव लागते, हा फरक मी शेजारी बसून अनुभवला आहे. मागच्या चार चाकांमुळे वळणावर गाडी कलतही नाही, आणि जोडीतले एक चाक पंक्चर झाले तरी हळूहळू पुढच्या दुकानापर्यंत पोहोचता येते. पिकअपमध्ये मागचे चाक बसले की भरल्या गाडीखाली जॅक लावण्याचे संकट उभे राहते.

अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांचा, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथांचा उल्लेख केल्याशिवाय इंदूरच्या जनरेटरवाल्याचा लेख पुरा होणार नाही. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी या कापड गिरण्या केव्हाच बंद पडल्या, पण त्यांच्या झाँक्या निघतातच आणि रात्रभर माणसाच्या चालीने सरकतात. अशा मिरवणुकीत भरल्या पिकअपचा क्लच सतत अर्धा दाबलेला असे आणि पहाटेपर्यंत त्याचा जळका वास येई. मोठ्या गाडीचा पहिला गिअर इतका खालचा आहे की क्लच पूर्ण सोडूनही ती माणसांच्या मागे सावकाश चालत राहते. वर्षातून एका रात्रीचे हे काम आहे, निर्णय त्यावर घेऊ नये. तरी सिंहस्थातले रस्तेही याच चालीने चालणार आहेत, हे लक्षात ठेवावे.

आता पिकअपच्या बाजूने जे बोलायला हवे ते बोलतो, कारण ते थोडे नाही. ज्या गाडीचे एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नाही, तिला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिटच लागत नाही. आमचे काही काम बऱ्हाणपूरच्या पुढे रावेर, जळगावकडे निघते. मोठ्या गाडीला त्यासाठी नॅशनल परमिट काढावे लागले आणि त्याचे एकत्रित शुल्क वर्षाला १६,५०० रुपये आहे. ज्याचे काम वर्षातून दोनदाच राज्याबाहेर जाते, त्याने हा आकडा शांतपणे समोर ठेवावा. पिकअप घेणाऱ्यानेही नोंदणीतले वजन पाहून घ्यावे, कारण हल्लीच्या दोन टन माल नेणाऱ्या पिकअप या मर्यादेच्या वर जातात आणि मग हा फायदा उरत नाही.

इंदूरमधल्या सियागंज, मारोठिया आणि राजवाड्याच्या मागच्या गल्ल्या हे पिकअपचे खरे राज्य आहे. तेथे मोठी गाडी वळवताना मला आजही उतरून लोकांना बाजूला करावे लागते, आणि शहरात दिवसा जड वाहनांना ज्या वेळा आणि जे रस्ते बंद असतात, त्यांचा हिशेब प्रत्येक कामाआधी करावा लागतो. मायलेजमध्येही पिकअपच पुढे आहे. माझी पिकअप भरलेली असताना लिटरला अकरा-बारा किलोमीटर देई, मोठी गाडी आठ-नऊ देते. टायर चारऐवजी सहा. रिकामी धावताना मोठी गाडी दणके देते, खंडव्याहून मोकळे परत येणे हे शरीराला काही सुखाचे नाही.

उलट ज्या दोन खर्चांना घाबरून लोक मोठी गाडी टाळतात, त्यांत फारसा फरक नाही. विम्याच्या तृतीय पक्ष हप्त्यासाठी मालवाहू गाड्यांचा पहिला गट थेट ७,५०० किलोपर्यंत आहे, म्हणजे पिकअप आणि पाच टनी दोन्ही एकाच गटात बसतात. २०२२ च्या दरपत्रकात हा हप्ता दोघींनाही सारखाच, १६,०४९ रुपये होता. दुसरी भीती चालकाच्या परवान्याची. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला की हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो. काकांच्या परवान्याबद्दल मी जी रात्रंदिवस काळजी करत होतो, ती त्या दिवशी संपली.

आज निर्णय घेणाऱ्याला माझ्यापेक्षा दोन गोष्टी अनुकूल आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मात्र नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरतो, म्हणून बदलीत मिळणाऱ्या रकमेबद्दल फार मोठ्या आशा बाळगू नयेत. मला विक्रेत्याने सांगितलेल्या रकमेपेक्षा बाहेर बऱ्यापैकी जास्त मिळाले आणि त्यासाठी महिनाभर थांबावे लागले. दुसरी गोष्ट चालकासाठी महत्त्वाची आहे: १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांमध्ये चालकाची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक झाले आहे. पिकअपच्या वर्गाला हे बंधन नाही. माझी गाडी त्याआधीची असल्यामुळे निमाडच्या मे महिन्यात काकांना खिडकी उघडी ठेवूनच जावे लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ज्याचा माल टनाच्या आत आहे, किंवा ज्याचे निम्म्याहून अधिक काम शहरातल्या गल्लीबोळांत आहे, त्याने पिकअप सोडू नये असेच मी म्हणेन. ज्याचा माल महिन्यातून चार-पाच वेळा दीड टनाच्या पुढे जातो आणि रात्री दुपदरी रस्त्यावरून जातो, त्याने पाट्यांवर खर्च करत बसण्यापेक्षा वर्ग बदलावा असे मला वाटते. सियागंजातल्या कामाला मी आता ओळखीच्या एकाची छोटी गाडी भाड्याने बोलावतो. महिन्याकाठी तो खर्च मला जड जात नाही.

तरीही मन होत नसेल, तर एक साधी गोष्ट करून पाहावी. रात्री रिकामी गाडी गोदामाच्या भिंतीसमोर दहा पावलांवर उभी करावी, दिवे डिपवर ठेवावेत आणि झोताची वरची कड जेथे संपते तेथे खडूने रेघ ओढावी. मग नेहमीचा माल चढवून, चकतीला हात न लावता, त्याच जागी दुसरी रेघ ओढावी. आमच्या भिंतीवर पिकअपच्या दोन रेघांमध्ये सव्वा वीत अंतर आहे. नव्या गाडीच्या दोन रेघा त्यांच्याच शेजारी काकांनी ओढल्या, त्यांच्यामध्ये चार बोटे मावतात.