प्रयोगशाळेसाठी घेतलेली चुनकळी : माल उत्तम, बाटलीचे झाकण सदोष

प्रयोगशाळेतील कामासाठी कॅल्शियम ऑक्साईडच्या, म्हणजेच चुनकळीच्या, 500 ग्रॅमच्या दोन बाटल्या एकाच उत्पादकाकडून मागवल्या होत्या. पहिलीत पांढरे, टणक आणि कोरडे खडे होते. त्यांतला बोराएवढा एक खडा चिनी मातीच्या बशीत ठेवून त्यावर ड्रॉपरने पाणी सोडले. पहिले काही थेंब त्याने नुसते शोषून घेतले. मग सुर्र आवाज होऊन त्याला तडे गेले, वाफ निघू लागली आणि बघता बघता तो फुगून, फुटून त्याची मऊ फक्की झाली. नीट भाजलेली ताजी चुनकळी अशीच विरते. फाजील भाजलेली चुनकळी पाणी सावकाश घेते, तर कमी भाजलेल्या खड्याच्या गाभ्यात चुनखडी तशीच राहते. या फक्कीत मात्र कडक कण एकही उरला नाही.

तुलनेसाठी मी स्वतःही थोडी चुनकळी तयार केली. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची 10 ग्रॅम पूड मुशीत घालून विद्युत भट्टीत 950 अंश सेल्सिअसला ठेवली. तासाभराने ती 6.4 ग्रॅम भरली, म्हणजे कार्बन डायऑक्साईड पुरता निघून गेला नव्हता. आणखी तासभर तापवल्यावर वजन अपेक्षेप्रमाणे 5.6 ग्रॅमवर स्थिरावले. विरण्याच्या बाबतीत विकतची चुनकळी या पुडीच्या तोडीस तोड ठरली.

दुसऱ्या बाटलीने मात्र निराशा केली. तिच्या झाकणाची चकती सैल बसली होती आणि आत खड्यांऐवजी भुसभुशीत पूड होती, जिचे वजन 536 ग्रॅम भरले. चुनकळीचे वाढलेले वजन हाच बिघाडाचा पुरावा असतो, कारण 56 ग्रॅम चुनकळी 18 ग्रॅम पाणी घेऊन 74 ग्रॅम विरलेला चुना होते, आणि हा चुना पुढे हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषून पुन्हा कार्बोनेट बनू लागतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकताच या पुडीतून भराभर बुडबुडे निघाले. पहिल्या बाटलीतल्या मालातून ते जवळपास निघालेच नव्हते. उत्पादकाने आत मोहोरबंद पिशवी द्यावी आणि भरल्याची तारीख छापावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. चुनकळीने डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते, ही सूचना लेबलवर इतक्या बारीक अक्षरांत असणे मला मुळीच मान्य नाही.

दुसरी बाटली मी चुन्याच्या निवळीसाठी ठेवली आहे. विरलेला चुना गरम पाण्यापेक्षा थंड पाण्यात अधिक विरघळतो. 20 अंशांना एका लिटरमध्ये सुमारे 1.7 ग्रॅम. कार्बोनेटचा गाळ रात्रभरात तळाशी बसतो आणि वरची निवळी स्वच्छ मिळते. तिच्यात नळीने उच्छ्वास सोडला की ती दुधाळ होते, आणि कार्बन डायऑक्साईड बराच वेळ सोडत राहिल्यास बायकार्बोनेट तयार होऊन पुन्हा निवळते.