एसएमपीएस टेस्टर: थंडीत सुरू न होणाऱ्या संगणकाच्या निदानासाठी

आमचा सात वर्षांचा डेस्कटॉप डिसेंबरपासून सकाळी पहिल्यांदा बटण दाबले की हूं की चूं करत नसे आणि तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला सुरळीत सुरू होई. दुरुस्तीला नेला की तो एका दमात चालू व्हायचा, आणि तिथे अखेर मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला मिळाला. तो खर्च करण्याआधी एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, तपासावा म्हणून मी सुमारे हजार रुपयांचा, छोट्या पडद्यावर व्होल्टेज दाखवणारा टेस्टर मागवला.

२४ पिनांचा कनेक्टर मदरबोर्डवरून काढून टेस्टरमध्ये बसवायचा, प्रोसेसरचा ८ पिनांचा शेजारी लावायचा आणि वीज सुरू करायची, एवढेच काम आहे. दुपारी सगळे आकडे ठाकठीक आले. आम्ही रात्री भिंतीवरचा स्विच बंद करतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गारठ्यातच पुन्हा तपासले, तेव्हा १२ व्होल्टच्या जागी ११.९ स्थिर दिसत होते, पण ‘५ व्हीएसबी’पुढे ४.४ आकडा लुकलुकत होता आणि टेस्टर सारखा बीप देत होता. वीस मिनिटांनी तोच आकडा ४.९ झाला.

५ व्हीएसबी हा संगणक बंद असतानाही चालू राहणारा पुरवठा. सुरू करण्याचे बटण त्याच्याच जोरावर काम करते आणि तो ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या दरम्यान असावा लागतो. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) जुने झाले की थंडीत सर्वांत कमकुवत ठरतात आणि तापल्यावर सावरतात, त्यामुळे दुकानातल्या उबेत दोष सापडणे कठीणच होते. नवा एसएमपीएस बसवला. मदरबोर्ड जुनाच आहे आणि दीड महिन्यात एकदाही अडचण आलेली नाही.

मात्र हा टेस्टर एसएमपीएसवर जवळजवळ भारच टाकत नाही, ही त्याची मोठी उणीव आहे. ग्राफिक्स कार्डावर ताण आला की बंद पडणारा मित्राचा संगणक याने निर्दोष ठरवला, आणि दुसरा एसएमपीएस लावल्यावर तो व्यवस्थित चालला. म्हणून याने दोष दाखवला तर विश्वास ठेवावा. ‘सगळे ठीक’ म्हटले तर रॅमच्या पट्ट्या आणि बायोसची सीआर२०३२ बॅटरी तपासून, शक्य असल्यास चांगला एसएमपीएस लावून पाहावा. टेस्टर काहीही सांगो, एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये, कारण वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब काही काळ राहू शकतो.