35 हजारांची कार्यशाळा आणि काकांचा बिनसाखरेचा चहा

वडिलोपार्जित वाटणीतून आलेले 22 लाख जागेत घालायचे होते. त्यासाठी गेल्या वर्षी दोन ठिकाणी शिकायला गेलो.

पहिली हॉटेलातली दोन दिवसांची ‘प्रॉपर्टी मेंटॉरशिप’. फी 35 हजार. जेवण झकास. दुसऱ्या दिवशी दुपारी दीड लाखाच्या पुढच्या कोर्ससाठी कार्डाचं मशिन टेबलाटेबलावर फिरलं. सातबारा हा शब्द दोन दिवसांत एकदाही निघाला नाही. एक तारा, तोही गुलाबजामांना.

दुसरे आमच्या निगडीतल्या सोसायटीतले काका. कारखान्यात नोकरी करता करता जुने फ्लॅट, गाळे चाळीसेक वर्षं घेत-विकत आलेले. पहिल्यांदा गेलो आणि सरळ म्हणालो, “काका, मला शिकवाल का?” “मी शिकवण्या घेत नाही,” म्हणून त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. बरोबरच होतं त्यांचं. मी हात हलवत गेलो होतो.

महिन्याभराने मावळातल्या 20 गुंठ्यांचा सातबारा घेऊन गेलो. (आमच्याकडे शेतकरी दाखला आहे, म्हणून शेतजमीन बघत होतो.) एजंट म्हणत होता, टायटल एकदम क्लिअर. काकांना एवढंच विचारलं, “यात काय खटकतंय?” त्यांनी चष्मा पुसला आणि बोट थेट ‘भोगवटादार वर्ग 2’वर ठेवलं. म्हणजे हस्तांतरावर सरकारी बंधन. परवानगी काढा, नजराणा म्हणजे सरकारची रक्कम भरा, मग पुढचं. “जुने फेरफार, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदी, काढून आण, मग बोलू.” शिकवणी सुरू झाली, तसं म्हणायचं मात्र नाही.

नंतर 60 लाखांचा फ्लॅट दाखवला. भाडं महिना 17 हजार, मी खूश. काकांनी कॅलेंडरच्या पाठीवर मांडलं: वर्षाचे 2 लाख 4 हजार, त्यातून मेंटेनन्स 30 हजार, घरपट्टी 9 हजार, एक महिना रिकामा म्हणून 17 हजार वजा. उरले 1 लाख 48 हजार, अडीच टक्क्यांच्या आत. “स्टँप ड्युटी अजून धरलीच नाहीये हं.” कर्ज काढून घेणार होतो मी तो!

त्रास आहेच. वेळ फक्त रविवारी नऊच्या आत, चहा बिनसाखरेचा, आणि पाहुण्यांसमोरही “अक्कल गहाण ठेवलीस का?” हे ऐकून घ्यावं लागतं. गृहकर्जाबद्दल विचारूच नका, त्यांनी जन्मात काढलेलं नाही. पैसे घेत नाहीत. त्यांच्या तिन्ही भाडेकरूंचे लिव्ह अँड लायसन्स करार मी ऑनलाइन नोंदवून देतो. अंगठ्याचं मशिन काकांचा ठसा तीनदा नाकारतं, तेव्हा शिव्या मशिनला आणि मला निम्म्या-निम्म्या.

साडेचार तारे. अर्धा चहाचा कापला. 22 लाख अजून एफडीतच आहेत. फ्लॅट नंबर विचारू नका, काकांनी ताकीद दिली आहे.