मैत्रिणीच्या लग्नासाठी शिवलेली नऊवारी घेतली, माझा अनुभव

लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका छोट्या दुकानातून घेतली, शिलाई धरून २८०० रुपये. मुहूर्ताला नवरी पिवळ्या साडीत असते म्हणून पाहुण्याने पिवळा घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे, काळा तर विषयच नाही, म्हणून वांगी रंग घेतला. सगळ्यात आवडलं ते माप घेणं, ताईंनी कंबर-उंची घेतलीच पण मला मांडी घालून खाली बसायला लावलं आणि मग काष्टा किती सैल हवा ते ठरवलं, त्यामुळे पंगतीत बसताना, वाकून नमस्कार करताना कुठेच ताणली नाही. नेसायला पाच मिनिटं! खरी नऊवारी म्हणजे आठ मीटरच्या वर कापड, ते सवय नसताना सकाळी सातच्या मुहूर्ताला नेसणं कठीणच.

एकच तक्रार, कमरेचा हूक अगदी कच्चा लावलेला, अक्षता टाकायला हात वर केला आणि तुटला, मावशीने पिन लावून दिली म्हणून निभावलं. घेताना दुकानातच हूक डबल शिवून घ्या. मे महिन्यात लग्न असेल तर सिल्क नको, कॉटन सिल्कच घ्या, मी घेतली आणि दुपारपर्यंत मस्त वाटलं.