डेंटल स्टोन : वाडीवरच्या तपासात चपलेचा ठसा उचलायला कसा आहे?

घाटातल्या वाडीत गुन्हा घडला की पोलीस पोचायच्या आत निम्मी वाडी तिथे जमलेली असते, आणि बहुतेकांच्या पायात एकाच आठवडी बाजारातल्या रबरी चपला. नुसती तळाची नक्षी जुळून काहीच ठरत नाही. माणूस ओळखू येतो तो झिजेवरून. टाच कोणत्या बाजूने घासलीय, काटा कुठे मोडलाय, खडकाने चीर कुठे पाडलीय, हे साच्यात उतरलं पाहिजे. त्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिसपेक्षा दंतवैद्यांच्या सामानाच्या दुकानातला टाइप ३ डेंटल स्टोन (दातांचे साचे करायची, पाण्याने घट्ट होणारी पावडर) कितीतरी सरस.

दोन्ही जिप्समपासूनच बनतात. पण प्लास्टरला पाणी बरंच जास्त लागतं, त्यामुळे ते सुकल्यावर सच्छिद्र आणि ठिसूळ राहतं. माती धुताना बारीक खुणाही निघून जातात. डेंटल स्टोनला १०० ग्रॅमला ३० मिलीच्या आसपास पाणी पुरतं. एका ठशाला १ किलो पावडर आणि ३०० मिली पाणी धरा. झिपच्या पिशव्यांत पावडर आधीच मोजून ठेवावी, जागेवर पाणी घालून ३ ते ५ मिनिटं बाहेरून मळावी. धिरड्याच्या पिठासारखं झालं की तयार.

ओतण्याआधी फोटो हवेतच: शेजारी मोजपट्टी, कॅमेरा बरोबर वरून, विजेरीचा उजेड तिरपा आणि आळीपाळीने वेगवेगळ्या बाजूंनी. नंतर पडलेला पाचोळा चिमट्याने उचलावा. चपलेखाली दाबला गेलेला तसाच राहू द्यावा, तो ठशाचाच भाग आहे. मिश्रण थेट ठशावर ओतू नका, धार माती उकरते. कडेला ओतून आत वाहू द्या. पायवाट उताराची असेल तर खालच्या बाजूला पत्र्याची पट्टी रोवा, नाहीतर ठशाचं खालचं टोक भरतं आणि वरचं रिकामं राहतं. ठशात पाणी साचलं असेल तर ते उपसू नका. चहाच्या गाळणीने कोरडी पावडर वरून भुरभुरवा, ती तळाशी बसली की घट्ट मिश्रण ओता.

घट्ट होण्याआधी पाठीवर खिळ्याने तारीख, क्रमांक आणि उत्तरेचा बाण कोरावा. अर्ध्या तासाने, थंडीत आणखी उशिरा, कडेची माती मोकळी करून साचा खालून मातीसकट उचलावा. घाई इथेच नडते. लागलीच धुऊ नये. ४८ तास सुकू द्यावा, आणि कागदी पिशवीतच ठेवावा, प्लास्टिकमध्ये ओल कोंडते.

दोष दोन. ओझं फार: तीन ठसे म्हणजे पाण्यासकट चार किलो, तेही चढावर. आणि पावसाळी हवेत उघडं पाकीट ओल धरून गुठळ्या होतात. अशी पावडर नीट जमत नाही, टाकूनच द्यावी. बर्फावर नुसता वापरू नये, जमताना तो तापतो आणि ठसा वितळतो.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६(३) सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद करतं. पण दरड कोसळून घाट बंद पडला तर पाऊस पथकाची वाट पाहत नाही. तोवर पोलीस पाटलांनी ठशावर घमेलं पालथं घालावं, कडा दगडांवर टेकवून, आणि तिथे आधी येऊन गेलेल्यांची नावं लिहून ठेवावीत. त्या सगळ्यांच्या चपलांचे नमुने त्याच दिवशी घ्या. आठवडाभर डोंगर तुडवला की झीज बदलते.